कोकम सरबताने चरबी वितळत नाही
उन्हाळा लागला की दादर-लालबागच्या घराघरांत आगळाची, म्हणजे कोकमाच्या दाट रसाची, बाटली येते आणि तिच्या मागोमाग ‘रोज कोकम प्या, चरबी वितळेल’ हा सल्लाही. त्याचं मूळ उंदरांवरच्या प्रयोगांत आहे. कोकम आणि त्याच्या कुळातली मलबारी चिंच, दोन्हींच्या सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असतं. यकृतात साखरेपासून चरबी बनायला जे एन्झाइम लागतं, त्याला ते अडवतं. १९७०च्या दशकातल्या प्रयोगांत हे आम्ल दिलेले उंदीर कमी खाऊ लागले, त्यांच्या अंगात चरबीही कमी तयार झाली.

प्रयोग खरेच होते. पण नेहमीच्या जेवणावर माणसाचं शरीर साखरेपासून फार थोडी चरबी बनवतं. बरीचशी थेट तेलातुपातूनच येते. १९९८ साली अमेरिकेत जादा वजनाच्या १३५ जणांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १२ आठवडे रोज १५०० मिलिग्रॅम आम्ल घेऊनही, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा वजन जास्त उतरलं नाही. आणि सरबतात आपण साखर किती घालतो!

सोलकढी खुशाल प्या, चवीसाठी. मलबारी चिंचेच्या अर्काच्या गोळ्या मात्र कृपा करून मनाने सुरू करू नका. त्या घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.