‘चाउ’ म्हटल्याने फोन संपत नाही

पोर्तुगीज शिकवणारी ॲप्स निरोपाचे शब्द घोकून घेतात: चाउ, अदेउश, अते लोगू. एवढ्या भांडवलावर लिस्बनमधल्या कुणाचा फोन ठेवायला गेलात, तर समोरचा ‘रागावला की काय?’ म्हणून बुचकळ्यात पडेल. निरोपाची खरी कसरत शब्दाच्या आधी असते.

संभाषणात पाळ्या असतात. माझं वाक्य संपलं की पाळी तुमच्याकडे, तुमचं संपलं की माझ्याकडे. दहा भाषांवरच्या 2009 सालच्या अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांमधली फट सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघाली. फट लांबली की ‘गप्प का झालास?’ असं वाटतं. म्हणजे नुसतं गप्प बसूनही सुटका नाही. हे यंत्र आपोआप थांबतच नाही. ते थांबतं कसं, हे इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या संभाषणाचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांनी 1973 साली उलगडलं. आपली पाळी घ्यायची, पण तीत नवा विषय घालायचा नाही. पोर्तुगालमध्ये त्यासाठी ‘एन्ताउ वा’ म्हणतात, ब्राझीलमध्ये ‘एन्ताउ ता’. आपलं ‘बरं, मग…’ त्याच कामाचं. समोरच्यानेही तशीच रिकामी पाळी परत केली, तर दोघांचं बोलणं संपलं यावर एकमत झालं. मग ‘बैझीन्युश’ म्हणजे ‘छोटे पापे’, मग ‘चाउ, चाउ’. पण तो मध्येच ‘झा अगोरा…’ म्हणजे ‘बरं आठवलं’ म्हणाला, की आणखी दहा मिनिटं गेली!

औपचारिक फोनवर पोर्तुगीज माणूस ठेवण्याआधी ‘कों लिसेंसा’ म्हणत परवानगी मागतो. मराठीतल्या ‘ठेवू का?’चं कामही हेच.

ब्राझीलमध्ये ‘अदेउस’ (म्हणजे वरचा ‘अदेउश’च) रोजच्या निरोपाला सहसा वापरत नाहीत, तो कायमचा निरोप वाटतो; पोर्तुगालमध्ये मात्र तो सर्रास चालतो. आपल्याकडे ‘जातो’ म्हटलं की आजी ‘येतो म्हणावं’ म्हणून दटावते. शब्दाने कुणी परत येत नाही की अडत नाही. हा संकेत आहे, शकुन नव्हे.

एवढी यंत्रणा असून ती नीट चालते का? अमेरिकेतल्या 2021 सालच्या एका अभ्यासात दोघांनाही हवं तेव्हाच संपलेली संभाषणं जेमतेम 2 टक्के निघाली. थांबायची इच्छा दोघंही सभ्यपणे लपवतात, त्यामुळे रिकामी पाळी आधी कुणी टाकायची यातच वेळ जातो.