माय च्यू चाय

माय च्यू चाय : दक्षिण चीन व हाँगकाँगमधील कँटनीज बोलीतील फसवणूकवाचक वाक्प्रचार. शब्दशः अर्थ ‘डुकराचे पिल्लू विकणे’ (‘चाय’मधील च ‘चाक’मधल्यासारखा दंत्य). विश्वासाने सोबत आलेल्या माणसाला परस्पर दुसऱ्याच्या हवाली करणे, हा त्याचा रूढ अर्थ. सहलीचे पैसे एका कंपनीला भरले आणि आयत्या वेळी भलत्याच कंपनीच्या बसमध्ये बसवले, की हाँगकाँगचा प्रवासी ‘आमची पिल्ले विकली’ म्हणून कुरकुरतो.

मूळ एकोणिसाव्या शतकातील करारबद्ध चिनी मजुरांच्या व्यापारात आहे, याबद्दल फारसे दुमत नाही. १८४७ मध्ये आमॉय (श्यामेन) बंदरातून क्यूबाला पहिली तुकडी गेली. १८७४ पर्यंत तेथे सुमारे सव्वा लाख मजूर उतरवले गेले. करार आठ वर्षांचा असे. पुढे हा व्यापार मुख्यतः मकावमधून चाले (हे पोर्तुगीज बंदर १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होते). जहाज सुटेपर्यंत मजुरांना ज्या कोंडवाड्यांत ठेवत, त्यांना ‘च्यू चाय कून’ म्हणत. १८७४ मध्ये चिनी सरकारने पाठवलेल्या चन लानपिन यांच्या आयोगाने क्यूबात ११७६ जबान्या नोंदवल्या. दहांतले आठ-नऊ जण इच्छेविरुद्ध आणले गेल्याचा त्याचा निष्कर्ष होता. मकावमधील व्यापार त्याच वर्षी बंद झाला.

वाद आहे तो ‘पिल्लू’ का, यावर. मजुरांना डुकरांसारखे एकाच भांड्यातून खायला देत, असे एक मत. जहाजाच्या तळघरात दाटीने कोंबत, असे दुसरे. शेंड्या एकमेकींना बांधून नेत, असेही सांगतात (मराठीतील ‘शेंडी लावणे’शी याचा संबंध जोडू नये). वाक्प्रचारातले क्रियापद मात्र ‘विकणे’ आहे, ‘चारणे’ किंवा ‘बांधणे’ नव्हे. म्हणून नगावर होणाऱ्या विक्रीवरून तो आला असावा, हे मत अधिक पटते. १९२३ मध्ये चीनच्या अध्यक्षपदासाठी छाव खुन यांनी मते विकत घेतली, तेव्हा त्या संसद-सदस्यांनाही ‘पिल्लू-सदस्य’ हेच नाव पडले. तेथे विकले जाणारे स्वखुशीने विकले गेले होते, एवढाच फरक.

याच क्षेत्रातील इतर प्रयोग : ‘वान पान’, म्हणजे समोरच्याला बावळट ठरवून लुबाडणे, ‘सोय यू’ (मऊ पाठीचे कासव), म्हणजे जुगारात वा बाजारात सहज कापला जाणारा बकरा, ‘भुताला टोफू खायला लावणे’, म्हणजे कोणीही विश्वास ठेवणार नाही अशी थाप. फारच स्वस्त सौदा दिसला, की जुनी माणसे विचारतात : एवढा मोठा बेडूक रस्त्यावर उड्या मारत कुठला यायला?