मॉर्मन मिशनरी सेवा

मॉर्मन मिशनरी सेवा : ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या ख्रिस्ती संप्रदायातील तरुण-तरुणींनी घर, शिक्षण आणि नोकरी बाजूला ठेवून केलेला पूर्णवेळ धर्मप्रसार. तरुणांसाठी तो दोन वर्षांचा असतो, तरुणींसाठी दीड वर्षाचा. संप्रदायाचे मुख्यालय अमेरिकेतील उटा राज्यात, सॉल्ट लेक सिटी येथे आहे. कोणी कोणत्या देशात जायचे हे तिथूनच ठरते. जाणाऱ्याला पसंती विचारत नाहीत. पगार मिळत नाही, उलट खर्च पदरचा करावा लागतो. संप्रदायाने २०१८ पासून ‘मॉर्मन’ हे नाव टाळण्याचा आग्रह धरला आहे, पण बाहेरच्या जगात तेच रूढ असल्यामुळे या नोंदीत ते ठेवले आहे.

मिशनरी म्हटले की महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे वेगळी माणसे येतात. मुंबईत १८१३ साली आलेले गॉर्डन हॉल, १८२९ साली आलेले जॉन विल्सन, मिरजेत रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वान्लेस ही मंडळी इथे उमेदीची सारी वर्षे घालवायला आली होती. मराठी शिकली, शाळा-कॉलेजे काढली, दवाखाने चालवले. मॉर्मन मिशनरी या जातकुळीतला नव्हे. तो अठरा-एकोणीस वर्षांचा असतो, धर्मशास्त्राची पदवी त्याच्याकडे नसते, आणि परतीची तारीख साधारण ठाऊक असतानाच तो आलेला असतो. त्याच्या मागे संस्था आहे ती इमारतींची नव्हे, वेळापत्रकाची.

संप्रदायाची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात केली. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा संप्रदायाचा धर्मग्रंथ त्याच वर्षी छापून झाला होता, आणि जोसेफचे भाऊ सॅम्युएल स्मिथ त्याच्या प्रती घेऊन गावोगाव फिरले. त्यांनाच सहसा पहिले मिशनरी मानतात. समुद्रापलीकडचा पहिला प्रयत्न १८३७ साली इंग्लंडमध्ये झाला. लँकेशायरमधील प्रेस्टन या गिरणगावात, रिबल नदीच्या पाण्यात पहिले बाप्तिस्मे झाले. त्या काळात जाणारे बहुतेक संसारी पुरुष असत. बायकामुले मागे ठेवून, खिशात जेमतेम पैसे घेऊन ते निघत. अविवाहित तरुणांची सेवा हा नियम विसाव्या शतकात पक्का झाला. पुरुषांचे किमान वय २०१२ साली १९ वरून १८ वर आणि स्त्रियांचे २१ वरून १९ वर आणले गेले. पुढे २०२५ साली स्त्रियांसाठीही १८ हेच वय झाले. २०१२ च्या बदलाने मिशनरींची संख्या सुमारे ५८,००० वरून दोनेक वर्षांत ८८,००० पर्यंत चढली. करोनाकाळात ती ५२,००० च्या आसपास घसरली आणि २०२४ अखेर पुन्हा ७४,००० च्या वर गेली.

निघण्याआधी प्रशिक्षण होते. त्याचे सर्वांत मोठे केंद्र उटातील प्रोव्हो येथे आहे. मनिला, मेक्सिको सिटी, साओ पावलो, अक्रा अशी इतरही केंद्रे आहेत. प्रोव्होत पन्नासहून अधिक भाषा शिकवल्या जातात. स्पॅनिशसाठी सुमारे सहा आठवडे, जपानी किंवा मँडारिनसाठी नऊच्या आसपास. एवढ्या मुदतीत भाषा येत नाही हे शिकवणाऱ्यांनाही माहीत असते. प्रार्थना, ओळख आणि धड्यातली ठरावीक वाक्ये जमली की मुलाला विमानात बसवतात. उरलेली भाषा रस्त्यावर शिकायची. अमेरिकेतल्या मिशनरीच्या घरून २०२० पासून दरमहा ५०० डॉलर भरावे लागतात, त्याआधी ४०० भरावे लागत. मुलगा टोकियोसारख्या महाग शहरात गेला काय किंवा बोलिव्हियात गेला काय, रक्कम बदलत नाही. गरीब देशांतल्या मिशनरींचा बराच भार संप्रदायाचा निधी उचलतो.

आठवडा

मिशनरीचे जगणे आठवड्याच्या मापाने चालते. त्याला एक जोडीदार नेमून दिलेला असतो आणि त्याच्यापासून दूर जायचे नाही हा सर्वांत कडक नियम. न्हाणीघर सोडले तर एकटेपणा नाहीच. जोडीदार स्वतः निवडता येत नाही, अनेकदा तो दुसऱ्याच देशाचा असतो. काही आठवड्यांनी बदलीचा आदेश येतो; कधी जोडीदार बदलतो, कधी गावही. पहिली नावे गळून पडतात: पुरुष ‘एल्डर’ आणि आडनाव, स्त्री ‘सिस्टर’ आणि आडनाव. छातीवर काळी नामपट्टी असते. एकोणीस वर्षांच्या पोराला ‘एल्डर’ म्हणजे वडीलधारा म्हणून हाक मारायची, याची गंमत बाहेरच्यांना वाटते. आतल्यांना सवयीने काहीच वाटत नाही.

साडेसहाला उठणे, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, मग एकट्याने आणि जोडीने ग्रंथवाचन, परभाषेच्या देशात भाषेचा अभ्यास, दहाच्या सुमारास बाहेर, रात्री नऊ-साडेनऊला परत, साडेदहाला दिवे बंद. हे वेळापत्रक जगभर सारखे होते. २०१७ साली त्यात स्थानिक परिस्थितीप्रमाणे ढिलाई आली, कारण जेथे लोक रात्री आठनंतरच घरी सापडतात तिथे सकाळी दहाला दारे ठोठावण्यात अर्थ नव्हता. टीव्ही नाही, प्रेमप्रकरण नाही, पोहणेही नाही. चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू हे सगळ्याच मॉर्मनांना वर्ज्य आहेत.

आठवड्यातला एक दिवस ‘तयारीचा दिवस’, बोलीत ‘पी-डे’. बहुतेक ठिकाणी तो सोमवार असतो. कपडे धुणे, किराणा, केस कापणे, खोली झाडणे, जवळपासचे एखादे ठिकाण पाहणे, फुटबॉल किंवा बास्केटबॉल आणि घरी पत्र. संध्याकाळी सहाला तो दिवस संपतो आणि टाय पुन्हा गळ्यात येतो. घरी फोन करण्याची मुभा पूर्वी वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. पूर्वी आठवड्याच्या पत्रात मुलगा जे लिहील तेच घरच्यांना कळे. पत्रे नातेवाइकांत फिरत, त्यामुळे त्यांतला सूर ठरलेला असे: भेटलेली माणसे, चाखलेले विचित्र पदार्थ, एखादा चमत्कारासारखा योगायोग, शेवटी ‘मी मजेत आहे’. आता आईला चेहरा दिसतो.

आठवड्यातून एकदा शेजारच्या काही जोड्यांची बैठक होते; या जोड्यांच्या गटाला ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. अनेक डिस्ट्रिक्ट मिळून ‘झोन’, आणि सर्वांवर मिशन अध्यक्ष. हा अध्यक्ष पत्नीसह तीन वर्षांसाठी येतो. आयुष्यभर तो वकील, दंतवैद्य किंवा व्यापारी असू शकतो. मिशनरी दर आठवड्याला त्याला थेट पत्र लिहितो. याशिवाय जोडी मिळून पुढच्या आठवड्याचे नियोजन करते आणि एकमेकांविषयीच्या तक्रारी त्याच बैठकीत काढायच्या असतात. चोवीस तास एका खोलीत राहणाऱ्या दोन परक्या पोरांसाठी ही सोय फार शहाणपणाची आहे. रविवारी उपासना, महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी.

शिकवणे

सगळा दिवस ज्यासाठी रचलेला आहे ते काम म्हणजे घरोघरी जाऊन शिकवणे. १९६१ साली जगभर एकच पाठांतराचे धडे लागू झाले. मिशनरी प्रश्न विचारी आणि समोरचा काय उत्तर देईल हेही पुस्तिकेत छापलेले असे. समोरच्याने दुसरेच काही म्हटले की पंचाईत. २००४ साली ‘प्रीच माय गॉस्पेल’ ही मार्गदर्शिका आली आणि पाठांतर गेले. धड्यांचे विषय तेच राहिले (जोसेफ स्मिथ यांच्याद्वारे झालेली धर्माची पुनःस्थापना, तारणाची योजना, ख्रिस्ताची सुवार्ता, आज्ञा), पण क्रम आणि शब्द शिकवणाऱ्यावर सोपवले. बाप्तिस्मा घेणाऱ्याने उपासनेला येणे, उत्पन्नाचा दशांश देणे, व्यसने सोडणे आणि विवाहबाह्य संबंध न ठेवणे अपेक्षित असते. त्याची मुलाखत शिकवणारी जोडी घेत नाही, दुसरा मिशनरी घेतो.

जपानचे उदाहरण इथे बोलके आहे. हीबर जे. ग्रँट १९०१ च्या ऑगस्टमध्ये योकोहामाला उतरले. पुढे हेच ग्रँट संप्रदायाचे अध्यक्ष झाले. ‘बुक ऑफ मॉर्मन’चे जपानी भाषांतर १९०९ मध्ये निघाले. तरीही १९२४ साली मिशन बंद झाले तेव्हा एकूण बाप्तिस्मे दोनशेसुद्धा नव्हते. १९४८ ला ते पुन्हा सुरू झाले आणि १९८० साली टोकियोत आशियातले पहिले मॉर्मन मंदिर उभे राहिले. आज तिथे हेल्मेट घालून सायकलवरून जाणारी पांढऱ्या शर्टांची जोडी दिसते. दारे सहसा उघडत नाहीत; उघडली तर नकार इतक्या सौजन्याने मिळतो की भाषा कच्ची असलेल्याला तो होकार वाटावा. म्हणून मोफत इंग्रजी संभाषणाचा साप्ताहिक वर्ग हे तिथले जुने साधन. व्याकरणाची शिकवणी नसलेला मुलगा शाळकरी मुले आणि निवृत्त आजोबा यांना एकाच वर्गात इंग्रजी शिकवतो, शेवटी इच्छा असणाऱ्यांसाठी धर्माचा छोटा पाठ. बहुतेक जण इंग्रजीपुरते येतात. यजमानाने पुढे केलेला हिरवा चहा घ्यायचा नाही हीही कसरतच. जवाचा चहा, ‘मुगिचा’, मात्र चालतो. बाप्तिस्मा एकही न होता महिने जातात. जोडीचा वेळ प्रत्यक्षात जातो तो उपासनेला येणे सोडलेल्या जुन्या सदस्यांकडे आणि एकाकी म्हाताऱ्यांच्या बागेत गवत उपटण्यात. दोन वर्षांत त्याची जपानी मात्र चांगलीच तयार होते. जपानी टीव्हीवर गाजलेले केंट गिल्बर्ट हे वकील त्या देशात प्रथम आले ते मिशनरी म्हणूनच, १९७१ साली.

लॅटिन अमेरिका, फिलिपिन्स, पश्चिम आफ्रिका इथला अनुभव उलट. घरात बोलावून बसवतात, जेवायला घालतात, ऐकतातही. पश्चिम आफ्रिकेत हे काम उशिरा सुरू झाले, कारण कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारणारा नियम जून १९७८ पर्यंत लागू होता. तो उठल्यावरच घाना व नायजेरियात मिशनरी पोहोचले. मॉर्मन इतिहासातला हा डाग आजच्या मिशनरीलाही उंबरठ्यावर ऐकून घ्यावा लागतो.

आकड्यांचा दबाव

किती धडे दिले, किती जण उपासनेला आले, किती बाप्तिस्म्याच्या तारखा ठरल्या याची नोंद दर आठवड्याला वर जाते. या पद्धतीने शिस्त येते आणि तिचा विपर्यासही होतो. १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये बेसबॉल शिकवण्याच्या निमित्ताने शाळकरी मुलांना गोळा करून बाप्तिस्मे दिले गेले. यातल्या अनेकांना आपण काय स्वीकारले हे कळलेच नव्हते. ‘बेसबॉल बाप्तिस्मे’ हा शब्द संप्रदायात आजही ओशाळेपणाने उच्चारला जातो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टोकियोतही अशाच घाईने आकडे फुगले आणि ती माणसे लगेच पांगली. २०२४ साली जगभरात तीन लाखांवर नवे बाप्तिस्मे झाले, म्हणजे एका मिशनरीमागे सरासरी चार. युरोप-जपानमधल्या मुलाला ही सरासरी दुरूनच दिसते. यश आकड्यांत मोजू नये असे मार्गदर्शिकेत लिहिलेले आहे, आणि आकडे मात्र मागितले जातात. या पेचावर तोड निघालेली नाही.

काही देशांत काम मर्यादित किंवा बंद आहे. चीनच्या मुख्य भूमीवर मिशनरी नाहीत. संप्रदायाच्या विद्यापीठाचे जेरुसलेममधले केंद्र धर्मप्रसार न करण्याच्या लेखी हमीवर उभे आहे. रशियात २०१६ च्या कायद्यानंतर मिशनरींना ‘स्वयंसेवक’ म्हणवून घ्यावे लागले.

भारत आणि पुणे

भारतात मॉर्मन मिशनरी १८५१ साली कलकत्त्यात आले. पुढच्या वर्षी ह्यू फिंडले हे स्कॉटिश मिशनरी मुंबईत आणि तिथून पुण्यात पोहोचले. मुंबईत पाद्री आणि वर्तमानपत्रे दोघांनी विरोध केला. पुण्यात एक चिमुकली मंडळी जमली, तीही मुख्यतः युरोपीय व युरेशियन. लष्करी अधिकाऱ्यांनी फिंडले यांना कॅम्पात राहायला मनाई केली. मिशन त्याच दशकात गुंडाळले गेले. आधुनिक काळात बंगळूर मिशन १९९३ मध्ये स्थापन झाले, आणि २०१८ साली त्या शहरात मंदिर बांधण्याची घोषणा झाली. आज भारतातले मॉर्मन तरुणही नामपट्टी लावून सेवेला जातात.

परतल्यावर

परतलेल्या मुलाला स्थानिक मंडळीसमोर उभे राहून अनुभव सांगावे लागतात. त्यानंतर तो पुन्हा पहिल्या नावाचा होतो, आणि पहिल्यांदा एकटाच बाजारात जाताना बिचकतो, असे अनेकजण सांगतात. ज्यांना शिकवायला गेला त्यांच्यापेक्षा या सेवेचा ठसा त्याच्यावरच अधिक खोल उमटतो. सेवा पूर्ण केलेले पुढे बहुधा आयुष्यभर संप्रदायात टिकतात, हा या खटाटोपाचा मोठा फायदा आहे. अमेरिकी राजकारणी मिट रॉम्नी १९६६ ते १९६८ फ्रान्समध्ये मिशनरी होते. वाइनप्रेमी देशात दारू वर्ज्य असलेला धर्म विकायचा म्हणजे नकार पचवण्याची तालीमच. उटातल्या घरोघर फिरून माल विकणाऱ्या कंपन्या परतलेल्या मिशनरींना हौसेने घेतात, बँका आणि सरकारी गुप्तचर खाती त्यांच्या भाषांसाठी.

आजारपण, नैराश्य किंवा श्रद्धाच डळमळल्यामुळे मुदतीआधी परतणारेही असतात. संप्रदायबहुल गावांत त्यांच्याकडे बराच काळ संशयाने पाहिले जाई. मुलगा ‘का’ परत आला याची कुजबुज होई. अलीकडे घरी राहून रुग्णालयात किंवा अन्नवाटप केंद्रात सेवा करण्याचा पर्याय अशांना दिला जातो आणि तीही पूर्ण सेवाच धरली जाते.