इसब असलेल्या लेकराची आंघोळ : खरं काम टॉवेलनंतरच्या तीन मिनिटांत

माझी पुतणी दीड वर्षाची असताना तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागं लाल चट्टे उठले, रात्रभर खाजवायची, सकाळी दुपट्यावर रक्ताचे ठिपके दिसायचे. आई म्हणाली गजकर्ण, शेजारच्या काकू म्हणाल्या उष्णता, शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा एक्झिमा, म्हणजे इसब, आणि हा कुणाला लागत नाही. मला लक्षात राहिलं ते हे की औषध लिहायच्या आधी त्यांनी आंघोळीचं विचारलं. पाणी किती गरम, साबण कुठला, पुसल्यावर काय लावता?

सोलापूरकरांना हे लगेच कळेल. त्वचेचा वरचा थर चादरीसारखा असतो, विणकाम घट्ट असलं तर आतला ओलावा आत राहतो आणि बाहेरची धूळ, जंतू बाहेर. त्वचेतलं हे सूत म्हणजे केराटिनचे धागे, आणि ते एकत्र आवळून धरणाऱ्या प्रोटीनचं नाव फिलॅग्रिन. 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की इसब असलेल्या बऱ्याच जणांमध्ये फिलॅग्रिनच्या जीनमध्येच बिघाड असतो. म्हणजे वीण जन्मापासूनच सैल, त्यात आईचं काही चुकलेलं नसतं, हे घरातल्या सगळ्यांनी एकदा नीट ऐकून घ्यावं असं मला फार वाटतं.

आता अशा त्वचेवर पाणी घातलं की काय होतं बघा. ओठ फुटले की आपण जीभ फिरवतो, क्षणभर बरं वाटतं आणि नंतर ते जास्तच फुटतात, तसंच अंगाचं होतं. आंघोळीत त्वचा पाणी पिऊन फुगते, बाहेर आलं की ते पाणी उडून जायला लागतं, आणि आपल्याकडं मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तर बघता बघता उडतं, मग त्वचा आधीपेक्षा कोरडी. पण ती ओलसर असतानाच, म्हणजे पुसल्यापासून साधारण तीन मिनिटांच्या आत, वरून जाड मलमाचा थर दिला तर ते पाणी आतच अडकतं. आमच्याकडं आधी काय व्हायचं, आंघोळ झाली की पावडर, काजळ, कपडे, खाऊ, आणि क्रीम रात्री झोपताना आठवलं तर. आता मलमाचा डबा बाथरूमच्या दाराशीच असतो. चट्ट्यांवर डॉक्टरांनी दिलेलं औषध, बाकी अंगाला पेट्रोलियम जेली किंवा तसलं कुठलंही साधं, बिनवासाचं मलम, महाग नको, पण भरपूर हवं. एक मात्र सांभाळा, असं मलम मुरलेले कपडे चटकन पेट घेतात, देवापुढच्या समईजवळ आणि गॅसजवळ लेकराला जाऊ देऊ नका.

साबणाचं सांगायचं तर आपली त्वचा थोडी आंबट असते, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 5 च्या आसपास, आणि नेहमीच्या वडीचा पीएच 9 ते 10. त्यामुळं त्वचेतला स्निग्धपणा तर जातोच, वर त्वचेचे बंध तोडणारे एन्झाइम जास्त जोर धरतात. त्यात आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं. शेफील्डच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं की जड पाण्यात धुतलं की साबणातलं डिटर्जंट त्वचेवर जास्त चिकटून राहतं. मग पाणी मऊ करायचं मशीन घ्यायचं का? नको. इंग्लंडमध्ये 336 मुलांच्या घरी असं मशीन बसवून बघितलं, 2011 मध्ये निकाल आला, इसबात त्याचा काही फायदा दिसला नाही. त्यापेक्षा साबणच कमी करा, काखेत, मांड्यांत, पायाला सौम्य बिनसाबणाचं क्लिन्झर, बाकी अंगावर नुसतं पाणी.

लेकराला टबात बसवून आंघोळ घाला, हा सल्ला ऐकून आई म्हणाली होती, चार-पाच दिवसांनी नळ येतो, बाथटब कुठनं भरू? पण लहान लेकराला प्लास्टिकच्या टबात दीड-दोन बादल्या पुरतात, नंतर तेच पाणी संडासात ओतता येतं. कोमट पाणी, हाताच्या मनगटाला गरम लागता कामा नये, पाच ते दहा मिनिटं. कढत पाण्यानं खाज तेवढ्यापुरती शांत वाटते आणि मग दुप्पट उसळते. मोठं मूल असेल तर मगनं घातली तरी चालतं. पाण्यात ओतायची महाग तेलंही लागत नाहीत, ब्रिटनमध्ये 483 मुलांवर वर्षभर बघितलं, 2018 मध्ये छापून आलं, अंगाला मलम लावणं चालूच असताना पाण्यात वेगळं काही घालून नाव घेण्यासारखा फरक पडला नाही.

ब्लीच बाथ, म्हणजे थोडंसं ब्लीच घातलेल्या पाण्यातली आंघोळ, त्याबद्दल सगळेच विचारतात. इसबाच्या त्वचेवर स्टॅफ नावाचे जंतू फार वाढतात, म्हणून 2009 मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी 31 मुलांना अगदी पातळ, 0.005 टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या (म्हणजे ब्लीचच्या) पाण्यात आठवड्यातून दोनदा बसवलं. पाण्यात बुडालेलं अंग सुधारलं, पाण्याबाहेर राहिलेल्या चेहऱ्यामानेवर मात्र फरक नव्हता. नंतरच्या काही अभ्यासांत साध्या पाण्यानंही बराचसा तसाच गुण आला, त्यामुळं माझ्या मते हा उपाय वारंवार पिकणाऱ्या चट्ट्यांपुरता, तोही डॉक्टरांनी माप लिहून दिलं तरच. पालिकेची पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर किंवा फरशी पुसायचं द्रावण अंदाजानं बादलीत टाकू नका, हात जोडून सांगतो. लेकराचं अंग भाजेल.

तेलाचं मात्र घरात खूप चाललं. खोबरेल चालतं, फिलिपाइन्समध्ये 117 मुलांवर ते मिनरल ऑइलपेक्षा चांगलं ठरलं. ऑलिव्ह ऑइलनं त्वचेचा थर कमजोर होतो असं 2013 च्या एका अभ्यासात दिसलं, तेही मोठ्या माणसांच्या त्वचेत. आणि शेंगदाण्याचं तेल अजिबात नको, आपण शेंगा चटणीवाले, घरात घाण्याचं तेल असतंच म्हणून मुद्दाम लिहितो. फुटलेल्या त्वचेतून खाण्यातलं प्रोटीन आत गेलं की शरीर त्याला शत्रू समजायला शिकतं, आणि शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा अशा तेलाशी संबंध 2003 मध्येच दिसला होता. तेच कारण डाळीच्या पिठाला, दुधाला, उटण्याला, शिवाय ते घासलं जातं ते वेगळंच.

पुसताना आपला प्रसिद्ध सोलापुरी टॉवेल असू दे, पण जड पाण्यात धुऊन खरखरीत झालेला नको आणि रगडायचं तर नाहीच, नुसतं टिपायचं. आईनं जुना मऊ पंचा काढून ठेवलाय त्यासाठी. चट्ट्यांवर पिवळी खपली धरली, पू आला, ताप आला, किंवा एकसारखे बारीक दुखरे फोड अचानक उठले तर आंघोळ-मलम सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडं जायचं, ते फोड हर्पिस या विषाणूचे असू शकतात आणि तिथं एक रात्रही थांबायचं नसतं.