वाइल्डचे थडगे (पेर लाशेझ)

आयरिश कवी व नाटककार ऑस्कर वाइल्ड (१८५४–१९००) याचे पॅरिसमधील दफनस्थान व त्यावरील स्मारकशिल्प. पेर लाशेझ ही १८०४ मध्ये सुरू झालेली दफनभूमी; तिच्या ८९ व्या विभागात हे शिल्प आहे. प्रवेश विनामूल्य असून गांबेता हे मेट्रोस्थानक त्यातल्या त्यात सोयीचे पडते.

समलिंगी संबंधांच्या आरोपावरून वाइल्डला मे १८९५ मध्ये दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. सुटकेनंतर तो फ्रान्समध्ये राहिला व ३० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिसमधील एका हॉटेलात वारला. प्रथम त्याला शहराबाहेर बान्यू येथे पुरले. जुलै १९०९ मध्ये अवशेष सध्याच्या जागी आणले. स्मारकासाठी हेलन कॅर्यू यांनी नाव जाहीर न करता दोन हजार पौंड दिले. वाइल्डचा मित्र व त्याच्या साहित्याचा विश्वस्त रॉबर्ट रॉस याने हे काम जेकब एप्स्टाइन या तरुण शिल्पकाराकडे सोपवले. लंडनमधील स्ट्रँड येथील त्याच्या नग्नाकृतींवरून १९०८ मध्ये गदारोळ झाला होता, त्यामुळे ही निवड धाडसाचीच म्हटली पाहिजे.

डर्बीशरमधील हॉप्टनवुड चुनखडीच्या सुमारे वीस टनी ठोकळ्यातून कोरलेली ही पंखधारी आकृती पुढे झेपावताना दाखवली आहे. डोळे मिटल्यासारखे, पंख आडवे व थराथरांचे, डोक्यावर लहान आकृत्यांचा मुकुट. तिच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एक मत वाइल्डच्या स्फिंक्सवरील दीर्घकवितेकडे (१८९४) बोट दाखवते. दुसरे ब्रिटिश म्युझियममधील असिरियन पंखधारी बैलांकडे. एकाने दुसरे खोटे ठरत नाही. तथापि पंखांची सपाट, पट्टेदार घडण पाहता शैलीपुरते तरी असिरियन मूळ अधिक पटते. कवितेतून विषय सुचला असावा, रूप मात्र संग्रहालयातून आले.

१९१२ मध्ये एप्स्टाइनच्या लंडनमधील कार्यशाळेत शिल्प लोकांना दाखवले गेले, तेव्हा त्याचे कौतुक झाले. पॅरिसमध्ये मात्र फ्रेंच जकात खात्याने कर आकारला आणि दफनभूमीच्या अधिकाऱ्यांनी नग्नतेवर हरकत घेऊन त्यावर ताडपत्री टाकली. जननेंद्रियावर पुढे फुलपाखराच्या आकाराचा काशाचा पत्रा बसवण्यात आला. अनावरण बहुधा ऑगस्ट १९१४ च्या सुरुवातीस, महायुद्ध पेटत असताना झाले. गूढविद्येचा उपासक ॲलिस्टर क्रोली याने ते आपणच केल्याचे लिहून ठेवले आहे. तो पत्रा काढून गळ्यात अडकवून आपण एप्स्टाइनपुढे गेलो, असेही तो सांगतो. क्रोलीला स्वतःच्या आख्यायिका रचण्याची हौस होती, हे येथे लक्षात ठेवलेले बरे.

आकृतीचे जननेंद्रिय १९६१ च्या सुमारास तोडले गेले. दोन संतापलेल्या इंग्रज बायांनी हे केले, तुकडा दफनभूमीच्या अधिकाऱ्याने टेबलावर कागद दाबायला वापरला, अशा कथा प्रवासी-पुस्तकांतून फिरतात. त्या कथा म्हणूनच घ्याव्यात. त्याआधी, १९५० मध्ये, रॉसची रक्षा याच थडग्यात ठेवण्यात आली.

मागील बाजूस वाइल्डच्याच रेडिंग तुरुंगावरील काव्यातील (१८९८) चार ओळी कोरल्या आहेत: त्याच्यासाठी रडणारे समाजाने बाहेर टाकलेलेच असतील, अशा आशयाच्या.

ओठांना लाली लावून दगडाचे चुंबन घेण्याची प्रथा १९९० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली. लालीतील स्निग्धांश सच्छिद्र चुनखडीत मुरतो. तो काढताना दगडाचा थरही जातो. म्हणजे नुकसान चुंबनाने कमी व साफसफाईने जास्त. आयर्लंड सरकारच्या मदतीने शिल्प स्वच्छ करून त्याभोवती काचेची भिंत उभारण्यात आली व ३० नोव्हेंबर २०११ रोजी, स्मृतिदिनी, वाइल्डचा नातू मर्लिन हॉलंड याच्या उपस्थितीत ती खुली झाली. तेव्हापासून ओठांचे ठसे काचेवर उमटतात.