लेस्टर, ब्रॅडफर्ड आणि सरासरीचं गणित

ब्रिटनमध्ये भारतीय वंशाची माणसं पाकिस्तानी वंशाच्या माणसांपेक्षा जास्त कमावतात. ही माहिती खरी आहे. २०२२ साली ऋषी सुनक तिथले पंतप्रधान झाले, तेव्हापासून ती आपल्याकडे मोबाईलवर फिरते आहे आणि दर वेळी तिच्या शेपटाला एक निष्कर्ष बांधलेला असतो: हे रक्तातच असावं लागतं. कोल्हापुरात हा निष्कर्ष मी डॉक्टरांकडून, प्राध्यापकांकडून आणि उद्यमनगरातल्या कारखानदारांकडूनही ऐकला आहे. म्हणून हा लेख. खऱ्या आकड्यावरून चुकीचा निष्कर्ष नेमका कोणत्या पायरीवर निघतो, हे दाखवणारं एक सुंदर गणित आहे. दहावीच्या मुलालाही जमेल इतकं सोपं, पण आपल्याकडे ते फारसं कुणी सांगत नाही.

आधी आकडा. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१८ सालासाठी वंशनिहाय पगार प्रसिद्ध केले. भारतीय वंशाच्या नोकरदारांचा ताशी पगार १३.४७ पौंड, गोऱ्या ब्रिटिशांचा १२.०३ पौंड आणि पाकिस्तानी वंशाच्या नोकरदारांचा १० पौंड. हे आकडे मध्यक आहेत, म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या माणसाचा पगार. गट काही लहान नाहीत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १९ लाख लोकांनी स्वतःची नोंद भारतीय वंशाचे म्हणून केली आणि सुमारे १६ लाखांनी पाकिस्तानी वंशाचे म्हणून. तासाला साडेतीन पौंडांची ही तफावत योगायोगाने आलेली नाही. मग ती आली कुठून?

ती माणसं विलायतेत पोचली कशी, इथून सुरुवात करावी लागते. १९६० च्या सिंधू पाणीवाटप करारानंतर झेलम नदीवर मंगला धरण उभं राहिलं आणि १९६७ साली पूर्ण झालं. पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूर भागातली एक लाखाहून जास्त माणसं त्यात उठली, जुनं मीरपूर शहर पाण्याखाली गेलं. मीरपूरची माणसं इंग्रजी जहाजांवर कोळसा टाकायच्या कामाला आधीपासून जात होतीच. धरणानंतर ओघ वाढला. ही कोरडवाहू शेती करणारी कुटुंबं उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकर गिरण्यांमध्ये लागली, बहुतेक वेळा रात्रपाळीला, कारण गोरे कामगार ती पाळी घ्यायला तयार नव्हते. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्या गिरण्या बंद पडल्या. शेती धरणात गेलेली, गिरणीला टाळं लागलेलं आणि इंग्रजी कामापुरतंच येणारं, अशा अवस्थेत एक अख्खी पिढी मधल्यामध्ये अडकली. इचलकरंजीत यंत्रमाग थंडावले की काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरी वाट आफ्रिकेतून गेली. ऑगस्ट १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई, म्हणजे बहुतांशी भारतीय वंशाच्या, लोकांना देश सोडायला ९० दिवसांची मुदत दिली. त्यांतले सुमारे २८ हजार ब्रिटनला आले. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असं कळवलं होतं. तरी ते आले. हातात पैसा जवळजवळ नव्हता. दुकानं, घरं, बँकेतल्या ठेवी सगळं मागे राहिलं. पण हिशेबाची वही कशी ठेवायची, उधारीवर माल कसा उचलायचा, इंग्रजीत अर्ज कसा लिहायचा हे त्यांतल्या बहुतेकांना येत होतं. हे ज्ञान विमानतळावर कुणी काढून घेऊ शकत नाही. लगेच सुबत्ता आली असं मात्र नाही. १९७६ साली लंडनमधल्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाईंच्या पुढाकाराने जो संप झाला, त्यातल्या कितीतरी बायका पूर्व आफ्रिकेत बऱ्यापैकी सुखवस्तू घरांत राहिलेल्या होत्या आणि विलायतेत तुटपुंज्या पगारावर राबत होत्या.

म्हणजे एकाने शेत गमावलं आणि एकाने दुकान. शेतकऱ्याचं कौशल्य त्याच्या मातीशी बांधलेलं असतं, कुठल्या रानात कधी पाभर धरायची हे ब्रॅडफर्डमध्ये निरुपयोगी ठरतं. व्यापाऱ्याचं कौशल्य त्याच्यासोबत प्रवास करतं. हे बघायला आपल्याला विलायतेला जायची गरज नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. फाळणीनंतर तिथे सिंधी कुटुंबं आली आणि त्याच जागी आजचं गांधीनगर आणि त्याची कापडपेठ उभी आहे. सिंधमधले हिंदू मुख्यतः शहरी, व्यापार आणि नोकरीपेशातले होते. आपल्या धरणग्रस्तांनीही सर्वस्व गमावलं, पण बदली जमिनीवाचून त्यांना आपलं कसब वापरता येईना. एका विस्थापिताची दुसऱ्याशी तुलना करून ‘ते बघा कसे वर आले’ असं धरणग्रस्तांना ऐकवलं जातं, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

आता गणित. १९५५ साली शिकागो विद्यापीठातल्या लोकसंख्याशास्त्रज्ञ एव्हलिन किटागावा यांनी एक साधा प्रश्न नीट मांडला. दोन गटांच्या सरासरीत फरक असेल, तर त्यातला किती फरक गटांची घडण वेगळी असल्यामुळे आहे आणि किती फरक एकाच पायरीवरच्या माणसांना वेगवेगळा मोबदला मिळाल्यामुळे? पहिल्याला आपण रचनेचा वाटा म्हणू, दुसऱ्याला दराचा.

एक मनाने रचलेलं उदाहरण घेऊ. समजा ‘अ’ समाजात कमावत्या माणसांपैकी ६० टक्के पदवी किंवा डिप्लोमावाले आहेत, बाकी ४० टक्के कमी शिकलेले. ‘ब’ समाजात हेच प्रमाण ३० आणि ७० आहे. ‘अ’मधला शिकलेला महिना ५०,००० रुपये कमावतो, कमी शिकलेला २०,०००. ‘ब’मधला शिकलेला ४६,००० आणि कमी शिकलेला १८,०००.

‘अ’ची सरासरी ३८,००० येते, ‘ब’ची २६,४००. फरक ११,६००. पहिली सरासरी दुसरीच्या जवळजवळ दीडपट! बातमीचा मथळा इथेच तयार होतो. पण मूळ आकड्यांकडे पुन्हा बघा. शिकलेल्याशी शिकलेला ताडून पाहिला तर फरक फक्त ४,००० आहे. कमी शिकलेल्यांत तर २,०००. मग ११,६०० कुठून आले?

किटागावांची कृती अशी. शिकलेल्यांच्या प्रमाणातला फरक ०.३०, त्याला दोन्ही समाजांतल्या शिकलेल्यांच्या कमाईच्या सरासरीने, म्हणजे ४८,००० ने गुणा: १४,४००. कमी शिकलेल्यांच्या प्रमाणातला फरक उणे ०.३०, त्याला १९,००० ने गुणा: उणे ५,७००. बेरीज ८,७००. हा रचनेचा वाटा. आता दराचा. शिकलेल्यांच्या कमाईतला फरक ४,०००, त्याला त्यांच्या प्रमाणाच्या सरासरीने, म्हणजे ०.४५ ने गुणा: १,८००. कमी शिकलेल्यांचा फरक २,०००, गुणिले ०.५५: १,१००. बेरीज २,९००. आणि ८,७०० अधिक २,९०० बरोबर ११,६००. एक रुपया शिल्लक राहत नाही. तफावतीचा पाऊण हिस्सा रचनेचा, पाव हिस्सा दराचा.

दोन्ही समाजांची सरासरीच भार म्हणून, म्हणजे गुणायचा आकडा म्हणून, का घ्यायची, असा प्रश्न चौकस वाचक विचारेल आणि तो योग्य आहे. फक्त ‘अ’चे दर धरले तर रचनेचा वाटा ९,००० येतो आणि फक्त ‘ब’चे धरले तर ८,४००. म्हणजे उत्तर थोडं आपण कुणाच्या अंगणात उभं राहून मोजतो यावर अवलंबून आहे. किटागावांनी मधली जागा घेतली, त्यामुळे दोन्ही समाजांना समान न्याय मिळाला. १९७३ साली रोनाल्ड ओहाका आणि ॲलन ब्लाइंडर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हीच फोड समाश्रयण (रिग्रेशन) समीकरणांवर नेली. शिक्षणाची वर्षं, अनुभव, शहर, उद्योग अशी अनेक कारणं एकाच वेळी घेऊन प्रत्येकाचा वाटा काढता येऊ लागला. एक सूचना द्यायला हवी: ही कृती सरासरीवर चालते, मध्यकावर अशी सरळ चालत नाही. त्यामुळे वरच्या १३.४७ आणि १० या आकड्यांना ती थेट लावायला जाऊ नका. त्यासाठी मूळ नोंदी लागतात.

ही कृती विलायतेच्या उदाहरणात काय शोधायला लावते, ते पाहा. ‘भारतीय’ या एका रकान्यात लेस्टरचा गुजराती दुकानदार आहे, सरकारी आरोग्यसेवेतला डॉक्टर आहे आणि अलीकडे व्हिसावर गेलेला संगणक अभियंताही आहे. इंग्लंडमधल्या स्मेथविकच्या फौंड्रीत ओतकाम केलेला जालंधरकडचा शीख त्याच रकान्यात येतो. शिरोली एमआयडीसीतल्या माणसाला त्याचं आयुष्य लगेच कळेल. भरूच आणि सुरत जिल्ह्यांतून ब्लॅकबर्न, बोल्टनच्या कापड गिरण्यांत गेलेले मुसलमानही त्याच रकान्यात आहेत. त्यांचं मूळ गाव भारतात, पण वाट्याला आली ती मीरपुरी माणसाच्या वाट्याला आली तीच गिरणी, आणि गिरणीच्या गावांतलं तेच पुढचं नशीब. देशाचं नाव हे कारण असतं तर असं व्हायला नको होतं. रक्ताचंही तसंच. जालंधर आणि लायलपूर (आजचं पाकिस्तानातलं फैसलाबाद) १९४७ पर्यंत एकाच पंजाब प्रांतातले जिल्हे होते. फाळणीच्या वेळी रॅडक्लिफ या इंग्रज वकिलाने काही आठवड्यांत नकाशावर आखलेल्या रेषेने कुणाची जनुकं बदलत नाहीत. ‘धंदा अमक्यांच्या रक्तात असतो’ हे वाक्य मी पत्रिका बघून व्यवसाय निवडण्याच्याच रांगेत ठेवतो. दोन्हींत नेमकं काय मोजायचं, हे कधीच ठरवलेलं नसतं.

पगारावरून थेट सुखवस्तूपणाकडे उडी मारणं हीसुद्धा घाई आहे. पगार माणसाचा असतो, चूल कुटुंबाची असते. म्हणून ब्रिटनसह बऱ्याच देशांत कुटुंबाचं उत्पन्न त्याच्या आकाराने भागतात: पहिला प्रौढ १, पुढचा प्रत्येक प्रौढ ०.५, चौदा वर्षांखालचं मूल ०.३. महिना ६०,००० आणणाऱ्या नवरा-बायकोचा भाजक दीड, म्हणून त्यांचं समतुल्य उत्पन्न ४०,०००. त्याच ६०,००० मध्ये नवरा-बायको, आई आणि चार मुलं राहत असतील तर भाजक ३.२ आणि उत्पन्न १८,७५०. ब्रिटनमधली पाकिस्तानी कुटुंबं सरासरीने मोठी आहेत आणि त्यांच्यात घराबाहेर कमावत्या बायकांचं प्रमाण कमी आहे. त्यामुळे पगारात दिसणारी दरी राहणीमानात आणखी रुंदावते.

शिल्लक राहणाऱ्या दराच्या वाट्याबद्दल फार सावध राहायला हवं. तो सगळा भेदभाव आहे असं म्हणता येत नाही. भाषेवरची पकड, ओळखीपाळखी, पदवी कोणत्या विद्यापीठाची अशी न मोजलेली कारणं तिथेच लपलेली असतात. आणि रचनेचा वाटा ‘समजला’ म्हणून तो न्याय्य ठरत नाही. शिक्षण कमी का राहिलं हा प्रश्न उरतोच. शाहू महाराजांनी हा प्रश्न कोल्हापुरात ओळखला होता. त्यांनी वसतिगृहं काढली, १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. वरच्या उदाहरणातला शिकलेल्यांचा ३० चा आकडा ६० कडे ढकलायचा तर धोरण कुठे लावायचं, याचं हे आपल्या घरचं उदाहरण आहे.

ब्रॅडफर्डच्या नातवंडांच्या बाबतीत रचना वेगाने बदलते आहे. ब्रिटनमधली पाकिस्तानी वंशाची मुलं आज गोऱ्या ब्रिटिश मुलांपेक्षा जास्त प्रमाणात विद्यापीठात जातात. ब्रिटनमध्येच जन्मलेल्यांत पगाराची दरीही अरुंद आहे. मग दराचा वाटा वेगळा कसा पकडायचा? ऑक्सफर्डमधले अँथनी हीथ आणि त्यांच्या सहकारी व्हॅलेंटिना दि स्टासिओ यांनी तो थेट प्रयोगानेच पकडला. शिक्षण आणि अनुभव सारखा असलेले काल्पनिक अर्ज वेगवेगळ्या वंशांच्या नावांनी खऱ्या नोकऱ्यांसाठी पाठवले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गोऱ्या ब्रिटिश उमेदवाराइतकीच उत्तरं मिळवायला अल्पसंख्य उमेदवाराला सरासरीने ६० टक्के जास्त अर्ज करावे लागले. इथे रचनेचा वाटा प्रयोगाच्या मांडणीतच शून्य केलेला आहे. उरतो तो मालकाने नाव वाचून घेतलेला निर्णय.

शिवाजी विद्यापीठात किंवा आपल्या कुठल्याही महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे, हे गणित आपल्या माणसांवर करून बघा. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीच्या २०१७-१८ पासूनच्या मूळ नोंदी फुकट उतरवून घेता येतात. त्यात शिक्षण, सामाजिक गट, धर्म, काम आणि कमाई सगळं आहे. सुरुवात अख्ख्या महाराष्ट्रापासून करा, एका जिल्ह्यापासून नको; जिल्ह्याच्या पातळीवर तक्त्याच्या एकेका घरात मोजकीच माणसं उरतात आणि मग एका लखपतीने सगळी सरासरी हलते. आणि भार आलटून पालटून दोन्ही बाजूंनी मोजा, उत्तरं किती सरकतात ते सोबत लिहा.