२५२०: १ ते १० ने भाग जाणारी ‘एकमेव’ संख्या?

वर्षानुवर्षे फिरणारा एक संदेश सांगतो: १ ते १० या सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी जगात एकच संख्या आहे, २५२०, आणि तिचं गुपित म्हणजे ७ वार × ३० दिवस × १२ महिने.

भाग जातो, हे खरं. गुणाकारही बरोबर. ‘एकच’ मात्र नाही. २५२० ची दुप्पट ५०४० घ्या: ७ ने भागल्यास ७२०, ८ ने ६३०, ९ ने ५६०. बाकी कुठेच उरत नाही. तिप्पट ७५६० चंही तेच. २५२० ची कुठलीही पट चालते, म्हणजे अशा संख्या अगणित. २५२० त्यातली सर्वांत लहान, शाळेतला लसावि.

ती येते कुठून? ८ साठी २×२×२ हवेत, ९ साठी ३×३, शिवाय ५ आणि ७. ८×९×५×७ = २५२०. ६ आणि १० साठी वेगळं काही लागत नाही, त्यांचे अवयव आधीच आत आहेत. इथेच गफलत होते: १ ते १० चा सरळ गुणाकार केला तर ३६,२८,८०० येतात, गरजेच्या १४४० पट.

आता कॅलेंडर. ३० = २×३×५, १२ = २×२×३. त्यांना ७ जोडा, अवयव हुबेहूब तेच. योगायोग गोड आहे खरा, पण ३०×१२ म्हणजे ३६०. वर्ष ३६५ दिवसांचं.

मोठी संख्या हवी असेल तर ७,२०,७२० पाहा. १ ते १६ पर्यंत सगळ्यांनी भाग जातो, १७ ला अडतं.